खाडीतल्या जिताड्यासाठी स्पिनिंग रॉड: पॉवर किती, ॲक्शन कोणती?

प्रश्न विचारणारे गृहस्थ चिपळूणकडचे आहेत, नोकरीला पुण्यात असतात. महिन्या-दीड महिन्याने गावी गेले की वाशिष्ठीच्या खाडीत लूर, म्हणजे नकली आमिष, टाकतात. त्यांच्याकडे 7 फुटी स्पिनिंग रॉड आहे, हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन. दांडीवर 20 ते 60 ग्रॅम असं छापलेलं आहे. टाकतात मात्र 10-12 ग्रॅमचे मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराच्या कडक लुरी, त्याही 40 पौंडी ब्रेडेड (विणलेल्या) लाइनवर. लूर लांब जात नाही. या हंगामात तीन जिताडे लागले आणि तिन्ही उडी मारताना सुटले. आता ते विचारतात, "रॉड कमी पडतोय का? एक्स्ट्रा हेवी घेऊ का? तोच रॉड तलावात मरळीलाही चालला पाहिजे. एकच घेणार आहे, पाच हजारांच्या आत."

तुमचा रॉड कमी पडत नाहीये, जास्त पडतोय. लूर जवळ पडणं आणि मासा उडीत सुटणं ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण दोन्हींचं मूळ त्या एकाच दांडीत आहे. एक्स्ट्रा हेवी घेतलात तर दोन्ही वाढतील.

मी वीसेक वर्षं कुंडलिकेच्या खाडीत, रेवदंड्याच्या बाजूला गरवतो. सुरुवातीला मीही रॉड निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचो की मासा केवढा लागेल. आठ-दहा किलोचा जिताडा लागला तर? मग जाड रॉड, जाड लाइन, मोठं रील. हा हिशोब वरवर बरोबर वाटतो, पण पाण्यातल्या माशाचं वजन रॉडवर येतच नाही. मासा पाण्यात जवळजवळ तरंगतो. रॉडवर येतो तो फक्त ओढीचा ताण, आणि तो ताण किती येऊ द्यायचा हे रीलचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला लाइन सोडणारा ब्रेक, ठरवतो. ड्रॅग दोन किलोवर लावला असेल तर मासा पाच किलोचा असो की पंधरा, तो लाइन खेचून नेईल, पण रॉडला दोन किलोपेक्षा फारसं जास्त सोसावं लागणार नाही. म्हणून मी माशापासून सुरुवात करत नाही. आधी लूर किती वजनाची, तिला गळ कोणते, आणि मासा लागल्यावर तो कुठे पळू शकतो, हे बघतो. या तिन्हींची उत्तरं मिळाली की रॉड जवळजवळ ठरलेला असतो.

आता पॉवर आणि ॲक्शन. हे दोन शब्द दुकानात इतके एकत्र उच्चारले जातात की ते एकच आहेत असा समज होतो. पॉवर म्हणजे दांडी वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे वाकताना ती कुठून वाकते. निरगुडीचा फोक हातात धरून टोक ओढा, तो थेट मुठीपर्यंत वाकतो. ही स्लो ॲक्शन. आता बुडाला जाड आणि शेंड्याला एकदम निमुळती होत गेलेली बांबूची काठी घ्या. शेंडा वाकेल, खालचा भाग हलणार नाही. ही फास्ट ॲक्शन. फोक बारीक असो की जाड, तो मुठीपर्यंतच वाकतो. जाड असला तर जोर जास्त लागतो एवढंच. म्हणजे पॉवर बदलली तरी ॲक्शन तीच राहू शकते, आणि याच्या उलटही. हेवी-मॉडरेट रॉड असतो, लाइट-फास्टही असतो.

साधारणपणे फास्ट रॉड वरच्या एक तृतीयांशात वाकतो, एक्स्ट्रा फास्ट त्याहूनही वर, मॉडरेट अर्ध्यापर्यंत आणि स्लो हँडलपर्यंत. जपानी पद्धतीच्या रॉडवर मॉडरेटच्या जागी 'रेग्युलर' लिहिलेलं असतं आणि मॉडरेट-फास्टच्या जागी 'रेग्युलर फास्ट', गोष्ट तीच. पॉवर अल्ट्रालाइटपासून लाइट, मीडियम लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी अशी चढत जाते. मात्र यातलं काहीही कुठल्या एका मापाला बांधलेलं नाही. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या मीडियम हेवीइतका कडक निघतो. समुद्रासाठी बनवलेला मीडियम आणि गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी बनवलेला मीडियम यांच्यात तर खूपच फरक असतो. म्हणून मी अक्षरं कमी वाचतो आणि आकडे जास्त. दांडीवर हँडलच्या वर लूरचं वजन छापलेलं असतं, ग्रॅममध्ये किंवा औंसमध्ये. एक औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम, पाव औंस म्हणजे 7 ग्रॅम. तो आकडाही कंपनीचा अंदाजच असतो, पण 'मीडियम' या शब्दापेक्षा तो जास्त खरं बोलतो.

त्या आकड्याचा वापर कसा करायचा हे तुमच्याच रॉडवर पाहू. लूर फेकताना तिचं वजन दांडीला मागे वाकवतं, आणि दांडी सरळ होताना लूरला पुढे ढकलते. दांडी वाकलीच नाही तर ढकलणार काय? 20 ते 60 ग्रॅमच्या रॉडला 10 ग्रॅमचा मिनो जाणवतच नाही. मग लांब फेकायला तुम्ही खांद्याचा जोर लावता, लाइन सोडायची वेळ चुकते, लूर एकदा डाव्या बाजूच्या कांदळवनात जाते आणि एकदा पायापाशी पडते. वाशिष्ठीवर माझा फारसा वावर नाही, पण खाडी तिथूनतिथून सारखीच. ओहोटीला छोट्या व्हाळाचं पाणी ज्या तोंडातून मोठ्या पात्रात उतरतं, तिथे जिताडा कडेला दबा धरून असतो. लूर त्या तोंडाच्या पलीकडे पडून प्रवाहाबरोबर त्याच्या समोरून गेली पाहिजे. पाच मीटर कमी पडली तर दिवसभर फेकत राहिलात तरी उपयोग नाही. त्यामुळे मासा सुटण्याच्याही आधी, मासा लागण्याचा प्रश्न हा पॉवरचा प्रश्न आहे.

छापलेल्या आकड्यांची दोन्ही टोकं सोडली तर मधल्या भागात रॉड सगळ्यात चांगला काम करतो. 7 ते 28 ग्रॅमच्या रॉडवर मी 10 ते 20 ग्रॅम सुखाने टाकतो. अगदी खालच्या आणि अगदी वरच्या आकड्याला रॉड फेकतो, पण कुरकुरत. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. सॉफ्ट प्लास्टिकच्या (मऊ रबरी लूरच्या) जिग हेडवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर, 10 ग्रॅम लिहिलेलं असतं, आणि आपण धरून चालतो की लूर 10 ग्रॅमची आहे. त्यावर चार इंची रबरी मासा चढवला की आणखी आठ-दहा ग्रॅम वाढतात. घरातल्या स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर तुमच्या डब्यातली प्रत्येक लूर गळांसकट ठेवून बघा आणि वजनं कागदावर लिहा. ज्या आकड्यांभोवती सर्वांत जास्त लुरी जमतील, तो आकडा तुमच्या रॉडच्या या मधल्या भागात यायला हवा. रॉड घेण्याआधीचं हे दहा मिनिटांचं काम पाच व्हिडिओ पाहण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आता सुटलेल्या तीन जिताड्यांकडे येऊ. मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण दुःख तिथलं आहे, आणि ॲक्शन कळते तीही तिथेच.

मिनोला पोटाखाली दोन किंवा तीन ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे, गळ असतात. ट्रेबलची तार बारीक, टोकं छोटी. ती रुतायला जोर कमी लागतो, पण ती खोलवर जात नाहीत, बहुतेक वेळा ओठाच्या कडेला किंवा जबड्याच्या पातळ कातड्यात अडकतात. जिताड्याचं तोंड आतून खरखरीत आणि कठीण असतं, गळ रुतायला मऊ जागा कमी. मासा लागला की तो पाण्याबाहेर उसळतो, तोंड पूर्ण उघडतो आणि डोकं जोरात झटकतो. त्या क्षणी दोन गोष्टी होतात. लूरचं वजन इकडून तिकडे हिसके देतं आणि लाइनचा ताण एकदम ढिला होऊन लगेच घट्ट होतो. नायलॉनची तंगूस असती तर तिने ताणून तो हिसका थोडा गिळला असता. ब्रेडेड लाइन जवळजवळ ताणतच नाही. मग तो हिसका गिळणार कोण? फक्त दांडी. आणि तुमची दांडी हेवी आहे, फास्ट आहे, तिचा शेंडा सोडला तर बाकी भाग त्या हिसक्याला हलतही नाही. प्रत्येक झटक्याला गळाचं भोक थोडं मोठं होतं. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला लूर तुमच्याकडे उडत येते.

मॉडरेट-फास्ट दांडी अशा वेळी अर्ध्याच्या जवळपास वाकलेली राहते. मासा झटकला की ती थोडी सरळ होते, ढिली पडू पाहणारी लाइन लगेच भरून काढते, पुन्हा वाकते. गळावर ताण राहतो, पण धक्का बसत नाही. हे लिहायला सोपं आहे, हातात जाणवायला वेळ लागतो. फास्ट रॉडवर माशाचा प्रत्येक झटका मनगटात टोचतो; मॉडरेट-फास्टवर तो झटका दांडीच्या मध्यावर येऊन विरतो. मला हा फरक कळला तो एका मित्राने मला त्याचा जुना ग्लास-फायबर मिसळलेला रॉड एका संध्याकाळसाठी दिला तेव्हा. तो जड होता, शेंडा लोळणारा होता, फेकताना मी वैतागलो. पण त्या संध्याकाळी लागलेले दोन्ही जिताडे मी काठावर आणले. त्याआधीच्या महिनाभरात माझ्या नव्या, हलक्या, कडक कार्बन रॉडवर लागलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त सुटले होते.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. रॉड ही तरफ आहे, आणि तिचं लांब टोक माशाच्या हातात असतं. फास्ट रॉडचा फक्त शेंडा वाकतो, त्यामुळे तरफ लांबच राहते आणि दोन किलोचा ताण तुमच्या मनगटावर त्याच्या कितीतरी पट होऊन येतो. खोलवर वाकणाऱ्या रॉडची तरफ ताण वाढेल तशी आखूड होत जाते. तुम्ही कमी दमता आणि मासा मात्र तितकाच ओढला जातो. यावर विश्वास बसत नसेल तर दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली चटईवर आडवी ठेवून, लाइन बांधून, रॉडने स्वतःकडे ओढून बघा. उचलू नका, फक्त घसरत ओढा. किती थोड्या ताणाला हात भरून येतो ते कळेल. ड्रॅग दोन किलो म्हणजे काय, हे त्याशिवाय नीट कळतच नाही.

मग फास्ट ॲक्शन वाईट का? मुळीच नाही, तिचं काम वेगळं आहे. जिथे एकेरी, जाड तारेचा मोठा गळ आहे, तिथे तो रुतवायला जोर लगेच पोचला पाहिजे. जिग हेडवरचं सॉफ्ट प्लास्टिक, तणातून ओढायचं ऑफसेट (मानेशी वाकवलेल्या) गळावरचं रबर, मरळीचा फ्रॉग, म्हणजे बेडकाच्या आकाराची पोकळ लूर, ही सगळी फास्ट रॉडची कामं. मोकळ्या पाण्यात तळाशी जिग हलकेच उचलत-टेकवत नेताना शेंडा जागच्या जागी हलला पाहिजे, आणि चिखलाला लागलेला जिग व माशाने तोंडात घेतलेला जिग यांतला फरक हाताला कळला पाहिजे. तिथे मॉडरेट रॉड आळशी वाटतो. थोडक्यात, ट्रेबल लावलेल्या आणि स्वतःच हलणाऱ्या लुरींना, म्हणजे मिनो, क्रँकबेट, स्पून, यांना मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट; एकेरी गळाच्या आणि आपण हलवायच्या लुरींना फास्ट. पॉपर आणि पेन्सिल या पृष्ठभागावर चालवायच्या लुरी अधेमधे बसतात. गळ ट्रेबल, पण हालचाल आपण करायची. मी ते मॉडरेट-फास्टवरच टाकतो, कारण पृष्ठभागावर मासा आदळला की आपल्या हातून घाईचा हिसका बसतोच, आणि मऊ रॉड ती घाई थोडी सावरून घेतो.

आता 'परिस्थितीवर अवलंबून' हे उत्तर कुठे द्यावं लागतं ते सांगतो. सगळ्यात जास्त ते अवलंबून असतं अडथळ्यांवर. जिताडा आणि तांबोशी एकाच पुलाच्या खांबाजवळ मिळतात, पण त्यांची लढाई वेगळी. जिताडा उसळतो, धावतो, मोकळ्या पाण्यातही जातो. त्याला थोडी लाइन दिली तर बिघडत नाही. तांबोशी लूर पकडते आणि वळून थेट तिच्या कपारीत शिरते. पहिले दोन-तीन सेकंद तुमचे, नंतर सगळं तिचं. तिथे रॉडच्या खालच्या अर्ध्या भागात ताकद हवी, नाहीतर दांडी वाकत राहते आणि मासा दगडात. तुम्ही जर मुख्यतः खांब, जेटीचे पाय, दगडी बांध यांना चिकटून गरवत असाल तर मीडियमऐवजी मीडियम हेवी घ्या, 10 ते 35 ग्रॅमच्या आसपासचा, पण ॲक्शन मॉडरेट-फास्टच ठेवा. मोकळं पात्र, चिखलाची कड, व्हाळाची तोंडं, असं असेल तर मीडियम पुरतो. तुम्ही प्रश्नात अडथळ्यांचा उल्लेख केलेला नाही, लूर 10-12 ग्रॅमची सांगितली आहे, आणि मासे उडीत सुटले, दगडात नाही. म्हणून मी मीडियमकडे झुकतो.

लांबीबद्दल फार लिहीत नाही. चिखलाच्या कडेवरून, मागे कांदळवन असताना 7 फूट ठीक. कातळावरून समुद्रात फेकायचं तर 8 ते 9 फूट. होडीतून साडेसहाही चालतो.

लाइनचा मेळ बसवा. 40 पौंडी ब्रेड या कामाला जाड आहे. हलकी लूर तिच्या ओझ्याने आणि वाऱ्याने अडते. 20 पौंडी घ्या, जपानी मापात पीई 1 ते 1.5 च्या जवळपास. 20 पौंड म्हणजे साधारण 9 किलो. तुम्ही ड्रॅग लावणार दोन किलोवर, म्हणजे तुटण्याच्या ताकदीच्या पाव भागाहूनही कमी. मग तुटायची भीती कशाची? घासण्याची. जिताड्याच्या गालफडाची कड धारदार असते, कालवं आणि खांबांवरचे शिंपले त्याहून धारदार. त्यासाठी पुढे 40 पौंडी लीडर, म्हणजे लूरच्या आधी जोडलेला जाड लाइनचा तुकडा, हातभर ते दीड हात. दांडीवर लाइनचाही आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जाऊ नका. कारण मजबूत लाइन आणि हलका रॉड अशी जोडी झाली की लूर दगडात अडकल्यावर लाइन तुटत नाही, रॉड तुटतो. अडकलेली लूर ओढताना रॉड लाइनच्या रेषेत सरळ धरा, लाइन जाड फडक्याला गुंडाळा आणि हाताने ओढा. दांडी वाकवून कधीच नाही.

तुटण्याचा विषय निघाला म्हणून माझ्या एका रॉडची गोष्ट. रात्री पुलाखाली दीडेक किलोचा जिताडा दमवून पायाशी आणला होता. जाळं घ्यायला खाली वाकलो आणि उजव्या हाताने रॉड डोक्यामागे नेला. लाइन शेंड्यापासून सरळ खाली. माशाने शेवटची एक उसळी मारली आणि वरच्या तुकड्याचे दोन तुकडे झाले. रॉड उभा करून मागे नेला की सगळा ताण शेंड्याच्या बारीक भागावर येतो, खालची ताकद कामालाच येत नाही. तेव्हापासून मासा पायाशी आला की रॉड खांद्याच्या वर जाऊ देत नाही, एक-दोन पावलं मागे सरकतो. फास्ट आणि हाय-मॉड्युलस (जास्त ताठ) कार्बनचे रॉड या चुकीला सगळ्यात कमी माफ करतात. त्यांची भिंत पातळ असते. पाच हजारांच्या आत 24 किंवा 30 टनी कार्बन मिळतो (टन हे कार्बनच्या ताठपणाचं माप), तो खाडीच्या आडदांड कामाला उलट बरा. 40 टनाच्या मागे लागू नका.

मरळ. इथे मला तुम्हाला थोडं नाराज करावं लागेल. खाडीचा मॉडरेट-फास्ट मीडियम मोकळ्या पाण्यातल्या मरळीला चालेल. बांधाच्या कडेने छोटा मिनो, स्पिनर किंवा पृष्ठभागावरची हलकी लूर टाकायची असेल तर मस्त चालेल. पण जलपर्णी आणि कमळाच्या पानांत फ्रॉग टाकायचा असेल तर नाही. फ्रॉगचे दोन गळ त्याच्या पोकळ अंगाला चिकटलेले असतात. मरळीने तोंडात धरल्यावर आधी ते अंग दाबलं गेलं पाहिजे, मग जाड गळ तिच्या हाडाळ तोंडात घुसला पाहिजे, आणि लगेच तिला तणाच्या वरून घसरत बाहेर काढली पाहिजे. एकदा ती मुळांत शिरली की पाच किलो जलपर्णी ओढत बसावं लागतं. त्याला हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन आणि 40 ते 50 पौंडी ब्रेड लागते.

हे वर्णन कुठे वाचल्यासारखं वाटतं ना? तुमच्याकडचाच रॉड आहे तो, तुमच्याच लाइनसकट. तो विकू नका. फक्त त्याच्यावर 12 ग्रॅमचा फ्रॉग नको, 18-20 ग्रॅमचा घ्या म्हणजे दांडीला थोडं तरी वजन जाणवेल. तणात मरळ दहा-पंधरा मीटरवर मिळते, लांब फेकीची गरज नसते. फ्रॉगवर पाणी फुटलं की लगेच ओढू नका. लाइन चालायला लागली की मग एकच जोरदार ओढ. ड्रॅग तिथे घट्ट. आणि हा रॉड 40 ग्रॅम शिसं लावून तळाशी शिंगाळ्याला टाकायलाही चांगला आहे. म्हणजे तुम्हाला एकच रॉड घ्यायचा होता, तो एकच घ्यायचा आहे, पण दोन्ही कामांचा नाही. धरण-तलावातल्या मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात, तेवढं जाण्याआधी विचारून घ्या.

तेव्हा घ्यायचं ते असं: 7 फूट, दोन तुकड्यांचा, मीडियम पॉवर, 7 ते 28 ग्रॅम किंवा त्याच्या आसपास, मॉडरेट-फास्ट ॲक्शन, त्यावर 3000 आकाराचं रील आणि 20 पौंडी ब्रेड. तुमचं सध्याचं रील 4000 चं असेल आणि खूप जड नसेल तर तेच राहू द्या, फक्त लाइन बदला. मॉडरेट-फास्ट लिहिलेला रॉड आपल्याकडच्या दुकानांत कमी दिसतो, सगळीकडे फास्टचीच रांग लागलेली असते. मग मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शनमधला त्यातल्या त्यात खोलवर वाकणारा निवडा. ग्लास-कार्बन मिश्र दांडी मिळाली तर तीही पाहा, ती थोडी जड असते पण वळण तुम्हाला हवं तसं असतं.

खोलवर वाकतो की नाही हे रॉड हवेत हलवून कळत नाही. हवेत हलवल्यावर प्रत्येक रॉडचा फक्त शेंडाच हलतो, आणि कडक रॉड नेहमी झकास वाटतो. दुकानात जाताना रील आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली बरोबर न्या. दुकानदाराला विचारून रील लावा, लाइन सगळ्या कड्यांतून ओवा, बाटलीला बांधा, रॉड साधारण 45 अंशांवर धरा आणि बाटली जमिनीवरून जेमतेम उचला. हलक्या हाताने, झटका न देता. मग बाजूने बघा: वाक कुठून सुरू होतो? वरच्या दोन-तीन कड्यांतच संपतो का, की मध्यापर्यंत उतरतो? दोन-तीन रॉड असे ओळीने पाहिलेत की दांडीवर काय छापलंय ते वाचायची गरज उरत नाही. त्याच वेळी जोडाची जागा बघा, वाकताना तिथे कोन पडता कामा नये, कमान सलग दिसली पाहिजे. आणि कड्यांच्या आत कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर कड्याला चीर आहे.

ऑनलाइन मागवणार असाल तर ही परीक्षा घरी, परत करायची मुदत संपण्याआधी करा.

नवा रॉड येईपर्यंत जुनाच रॉड घेऊन गावी जाणं होणार असेल, तर तोवर एवढं करून बघा. ड्रॅग आत्ता आहे त्याच्यापेक्षा बराच सैल करा. ताणकाटा लाइनला लावून ओढलात आणि दीड किलोला रीलमधून लाइन सुटायला लागली तर योग्य. मिनोचे मूळचे गळ पातळ असतील तर एका नंबराने जाड तारेचे लावा, पण लूर आधीसारखी तरंगते का ते बादलीत तपासा, कारण गळांच्या वजनाने काही लुरी बुडायला लागतात. जिताडा वर यायला लागला की लाइन पाण्यातून वर चढताना दिसते. तेव्हा रॉडचा शेंडा खाली, पाण्याजवळ न्या आणि बाजूने ताण ठेवा. बरेच मासे मग अर्धवटच उसळतात. मोठा, सात-आठ किलोच्या वरचा लागला तर तो बहुधा मादी असतो, कारण जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. अशा माशाला मी पाण्यातच धरून गळ काढतो, तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपटी मारेपर्यंत थांबतो, आणि सोडतो.

पुढच्या वेळी लूर पलीकडच्या व्हाळाच्या तोंडापर्यंत पोचली का, हे मात्र नक्की कळवा. वजनकाट्यावर तुमच्या लुरी 20 ग्रॅमच्या पुढे निघाल्या तर तेही लिहा, मग मी मीडियम हेवी सुचवेन.